रिकाम्या तलावातील समाधी

हिवाळ्याच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी, नगराच्या सार्वजनिक जलतरण तलावाच्या इमारतीत, जेथे त्या ऋतूत पाण्याचा थेंबही नसतो, तेथे माणसांचा असा लोंढा आला की दारावरच्या पहारेकऱ्याने तिकिटे तपासण्याचा नाद सोडून स्वतःच आतली जागा धरली. तलाव छताखालचा. थंडी पडली की त्यातील पाणी सोडून द्यायचे, लाद्या घासायच्या आणि ऊन तापेपर्यंत त्याला कुलूप घालायचे, ही तेथील जुनी वहिवाट. त्या वर्षी मात्र तलावाला कुलपाऐवजी ध्यानसम्राट लाभले.

‘ध्यानसम्राट’ ही पदवी त्यांना कोणी दिली हे विचारण्याचे धाडस कोणीच केले नव्हते. ती त्यांच्या जाहिरातीवर त्यांच्याही आधी नगरात येऊन पोहोचली होती. ते खोल टोकावरील, सूर मारण्याच्या फळीवर मांडी घालून बसत. देह भरभक्कम, फळी लवचीक. त्यामुळे प्रवचनात जेथे जेथे जोर येई तेथे तेथे सम्राट वीतभर खाली जात आणि वीतभर वर येत. भक्तांच्या मते हे देह हलका होत चालल्याचे लक्षण होते. फळीचे मत कोणी विचारले नाही.

“साधकहो!” सम्राट वर आले. “बुद्धांनी निर्वाण सांगितलं. निर्वाण म्हणजे विझणं! विझणं म्हणजे काय, ते पंडित लोक पोथ्यांत शोधत बसलेत.” सम्राट खाली गेले. “आम्ही शोधत नाही. आम्ही विझवून दाखवतो! आम्ही एक श्वास आत घेऊ आणि रोखून धरू. खालच्या ज्योतींचं अग्नितत्त्व उठेल आणि आमच्या नाभीत येऊन बसेल. डॉक्टर येऊ देत, शास्त्रज्ञ येऊ देत, अग्निशमन दल येऊ दे!”

“दल कशाला हो?” मागच्या रांगेत कोणीतरी कुजबुजले.

“नोकरी जाईल म्हणून रडायला,” शेजारच्याने समजावले.

तलावाच्या तळाशी मेणबत्त्यांचे वर्तुळ मांडलेले होते. वर चढणाऱ्या लोखंडी शिडीच्या खालच्या काही पायऱ्यांवरही काचेच्या पेल्यांत मेणबत्त्या होत्या. सम्राटांनी डोळे मिटले, गाल फुगवले, आणि त्यांच्या पट्टशिष्याने, जो भर सभेतही लोकरी हातमोजे घालून वावरत असे, हात उंचावून घोषणा केली, “सर्पश्वास!” त्यासरशी काठावरच्या साऱ्यांनी दातांवर दात ठेवून ‘स्स्स’ असा एकसुरी आवाज काढायला सुरुवात केली. हजार कुकर एकाच वेळी शिट्टीच्या बेतात यावेत तसा तो आवाज छताला जाऊन भिडला. पट्टशिष्य नम्रपणे मागच्या दाराने निघून गेला. गुरूंच्या तेजापुढे उभे राहणे आपल्याला सोसत नाही, असे तो सांगत असे.

आणि मग ते घडले. तळाच्या वर्तुळातील एक ज्योत बुटकी झाली, मान टाकल्यासारखी कलली आणि विझली. कोणी फुंकली नव्हती. तिच्यामागून दुसरी गेली, मग तिसरी, मग सारे वर्तुळ. मग शिडीची सर्वांत खालची पायरी. मग तिच्या वरची. जणू अंधार तळातून शिडी चढून वर येत होता.

“गेली! तीही गेली!” काठावर पुढेच बसलेला नगरातील बेकरीवाला ओरडला. तो इतका भारावला होता की ‘स्स्स’ करायचे विसरला, आणि विसरल्याचे लक्षात येताच दुप्पट जोराने करू लागला.

तलावाच्या तळाशी, त्या विझलेल्या वर्तुळाजवळ, निवडक साधक बसलेले होते. आणि त्यांच्यात सर्वांत पुढे होते तलावाचे प्रशिक्षक. सारे नगर त्यांच्याच हाताखाली पोहायला शिकलेले असल्यामुळे त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांचा श्वास या वेळी भराभर चालू लागला होता. कानांत ठोके ऐकू येत होते, डोके कापसासारखे हलके झाले होते, आणि छातीत ती ओळखीची आग पेटली होती, जी त्यांना आयुष्यभर प्रिय होती.

येथे थोडे थांबून हे सांगितले पाहिजे की दुसऱ्या कोणत्याही धंद्यातील माणूस त्या तळाशी बसता, तर श्वास कोंडू लागताच काठाकडे धावत सुटला असता. मास्तर आणि त्यांचे साथीदार पडले पट्टीचे पोहणारे. पाण्याखाली छाती जळू लागली की भ्यायचे नाही, तीच खरी सुरुवात. पोटात आचके आले की आणखी दोन हात मारायचे. हे मास्तरांनी पिढ्यांना शिकवले होते. देह ‘हवा, हवा’ म्हणून ओरडू लागला की त्याला गप्प बसवण्यात ज्यांनी हयात घालवली, त्यांना देहाची ती ओरड म्हणजे प्रगतीची पावती वाटावी, यात नवल नव्हते. तेव्हा मास्तर घट्ट बसून राहिले, आणि जेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा त्यांना वाटले, लागली! समाधी लागली!

“मास्तर,” फळीवरून आवाज आला, “तुमच्या कन्येला श्वासाचा विकार आहे ना?”

मास्तरांनी मान डोलावली. सम्राटांना हे कसे कळले, याचा विचार त्यांनी केला नाही. तो केला असता तर लक्षात आले असते की गेले तीन आठवडे ते स्वतःच भेटेल त्याला हे सांगत सुटले होते.

मास्तरांना एकच मुलगी. ती जन्मली तेव्हा त्यांनी हौसेने तिला ‘मासोळी’ म्हणायला सुरुवात केली, आणि नाव पडले ते पडलेच. मासोळीला दमा होता. नगरातील प्रत्येक पोराला पाण्यात ढकलणारा हा माणूस आपल्या लेकीला मात्र काठावर टॉवेल देऊन बसवत असे. दुसऱ्यांची मुले सूर मारत, आणि मासोळी त्यांच्या चपला राखत असे. हे शल्य मास्तरांनी कधी बोलून दाखवले नव्हते, पण त्यांच्या मनात ते रोज ओले राहत असे.

“पुढच्या रविवारी,” सम्राट म्हणाले, “शिडीच्या प्रत्येक पायरीवर ज्योत असेल. आम्ही सगळ्या विझवू. आणि त्या विशुद्ध तळाशी तुमची कन्या तुमच्या मांडीवर बसेल. तिचा रोग तिच्या श्वासातच विरघळेल. फक्त ते नळकांडं, तो इनहेलर, घरी ठेवायचा. कुबडी घेऊन कोणी उडत नसतं!”

“स्स्स!” सभा आनंदाने फुसफुसली.

*

घरी स्वयंपाकघरातील टेबलाशी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. मास्तरांची पत्नी नोकरीच्या प्रशिक्षणासाठी महिनाभर परगावी गेली होती, म्हणून मासोळीकडे पाहायला तिची आजी आली होती. सासूबाईंनी हयातभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले होते. त्या बौद्ध परंपरेतील ध्यान करीत, रोज सकाळी, खिडकीजवळच्या साध्या खुर्चीत, चहा व्हायच्या आत. त्यासाठी त्यांना ना आसन लागे, ना धूप, ना प्रेक्षक. आणि मास्तरांच्या मते हीच त्या ध्यानाची मोठी उणीव होती.

“आई,” मास्तर उत्साहाने म्हणाले, “राग मानू नका. पण तुम्ही इतकी वर्षं बसता. एक तरी मेणबत्ती विझली का तुमच्याच्यानं?”

“नाही बाई. मी फुंकर घालते. लगेच विझते.”

“थट्टा नको. तुम्हाला मिळालं काय ते सांगा ना.”

सासूबाईंनी एक शेंग उघडून दाणे भांड्यात ढकलले. “पूर्वी तुमच्यावर राग यायचा, जावईबापू, तर दिवस दिवस टिकायचा. आता येतो तेव्हाच कळतं की, हा बघा, आला. छातीत तापला, जिभेवर आला. पाहत राहिलं की ओसरतो. आत्तासुद्धा एक आला होता. गेला बघा.”

“बस? इतकंच?”

“इतकंच म्हणता? तो टिकला असता तर आज मटार कोणी सोलले असते?”

मासोळी खुदकन हसली. मास्तर मात्र वादाला बसलेले होते. “पण स्वतः बुद्धांना सिद्धी होत्या! त्यांचे शिष्य आकाशातून जायचे म्हणतात.”

“जुन्या कथांत आहे तसं. मी पाहायला नव्हते, त्यामुळे भांडत नाही. पण त्याच कथा पुढे काय सांगतात, ते तुमच्या त्या फळीवरच्या गृहस्थांनी सांगितलं का? लोकांपुढे चमत्कार करून दाखवायला बुद्धांनी आपल्या भिक्षूंना बंदी घातली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस दुःखात आहे. ते दुःख हाव, द्वेष आणि अज्ञान यांच्यामुळे वाढतं. मन स्थिर करून ते नीट पाहिलं, तर त्याची पकड सुटते. विझायचं आहे ते हे! मेणबत्तीनं बुद्धांचं काय वाकडं केलं होतं?”

“पण मी अनुभवतो ना, आई! शरीर हलकं होतं, कानांत नाद येतो...”

“आणि नंतर डोकं दुखतं.”

मास्तर चपापले. “ते... जुने संस्कार बाहेर पडतात, असं सम्राट म्हणतात.”

“बाबा,” मासोळी मध्येच म्हणाली, “आज संपल्यावर मी मेणबत्त्या गोळा करायला खाली उतरले होते ना, तर पेला उचलायला वाकले की नाकात झणझणायचं. सोडा पिऊन ढेकर आली की येतं बघ, तस्सं.”

सासूबाईंच्या हातातील शेंग तशीच राहिली.

“पुन्हा सांग बरं.”

“ढेकरेसारखं. उभं राहिलं की नाही, वाकलं की हो. मला दोनदा खोकला आला.”

सासूबाई जावयाकडे वळल्या, आणि शाळेत शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारावे तसे त्यांनी विचारले, “जावईबापू, तुमच्या यंत्रघरात कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर असतात ना? पाण्यातली क्षारता कमी करायला सोडता ते?”

“असतात. पण पाणीच नाही तर ते उघडणार कोण? मी स्वतः बंद केलेत.”

“किल्ली कुठं आहे?”

“पट्टशिष्यांकडे. चटया ठेवायला जागा हवी होती त्यांना.” आणि मग या प्रश्नांचा रोख ध्यानात येऊन मास्तरांचा चेहरा लाल झाला. “आई! एका सत्पुरुषावर तुम्ही आळ घेताय! पुरावा आहे का काही?”

“नाही. म्हणूनच आळ घेत नाही, फक्त विचारते. यंत्रघरात जाऊन एकदा बघून याल?”

“बघणं म्हणजेच संशय! आणि संशय आला की साधना संपली!”

“छान सोय आहे हो,” सासूबाई म्हणाल्या. “चोराला हे आधी सुचलं असतं तर कुलपंच बनली नसती.” मग त्यांनी पुढची शेंग उचलली. त्यांना दिसत होते की हा माणूस मूर्ख नाही. लेकीच्या श्वासासाठी तो वाटेल त्या फळीपुढे हात जोडायला तयार झाला आहे, आणि अशा माणसाला वादात हरवले तर तो आणखी घट्ट डोळे मिटतो. “बरं. रविवारी मीही येते. पण एक अट. मी हो म्हणेपर्यंत मासोळी माझ्यापाशी काठावर राहील.”

“आई, तुम्ही येणार?” मास्तरांना आनंद झाला. सासूबाईंचा अहंकार विरघळू लागला, असे त्यांनी मनात नोंदवले. इनहेलर त्यांनी कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिला होता. तो तेथून उतरून सासूबाईंच्या पर्समध्ये गेला, हे मात्र त्यांनी नोंदवले नाही.

सासूबाईंनी त्या आठवड्यात एकच खरेदी केली. खेळण्यांच्या दुकानातून त्यांनी साबणाचे फुगे सोडण्याची एक मोठी बाटली आणली.

*

पुढच्या रविवारी गर्दीला काठ पुरेना. लोक कपडे बदलण्याच्या खोल्यांच्या भिंतींवर चढून बसले होते. तलाव कायमचा ‘ध्यानकुंड’ म्हणून सम्राटांच्या हवाली करावा, असा ठराव त्याच दिवशी मांडला जाणार होता, आणि तो मांडण्याचा मान बेकरीवाल्याला मिळालेला असल्यामुळे तो टाय लावून आला होता. उथळ टोकाकडच्या उतारावर साधक ओळीने बसले. खोल टोकाचा तळ मात्र त्या दिवशी फक्त मास्तर आणि त्यांच्या मुलीसाठी राखलेला होता. तेथून काठापर्यंत चढणाऱ्या शिडीच्या प्रत्येक पायरीवर ज्योत तेवत होती.

मास्तर तळाशी उतरून उभे राहिले. गळ्यात सवयीने शिट्टी होती. ती नसली की त्यांना उघडे वाटत असे.

“आज,” फळीवरून सम्राट गर्जले, आणि फळीने त्यांना इतके वर नेले की पुढच्या रांगेतील दोन बायकांनी हात जोडले, “आज जगाला कळेल की श्वास ही एक सवय आहे! केवळ सवय! सोडली की सुटते!”

“तुम्ही केव्हा सोडताय?” सासूबाईंनी काठावरून विचारले. पण तेवढ्यात पट्टशिष्याने हातमोज्यातला हात उंचावून ‘सर्पश्वास’ पुकारला, आणि त्यांचा प्रश्न हजार तोंडांच्या फुसफुशीत बुडून गेला.

मास्तरांनी डोळे मिटले. स्स्स. थोड्या वेळाने त्यांनी डोळे किलकिले करून पाहिले, तो तळाची ज्योत गेलेली होती. शिडीची पहिली पायरी गेली. दुसरी. या वेळी अंधार पूर्वीपेक्षा झरझर चढत होता. घोट्यांपाशी गार वाटत होते. नाकात काहीतरी झोंबले, आणि का कोण जाणे, त्यांना सोडा आठवला. त्यांनी तो विचार झटकून टाकला. छाती जळू लागली, सुरुवात! मस्तक हलके झाले, उत्तम! त्यांनी वर पाहून दोन्ही हात पसरले.

“ये, मासोळी! उतर! बाबा आहे खाली!”

काठावर मासोळीने आजीकडे पाहिले. आजीने तिचा हात घट्ट धरला होता. “आधी फुगे,” आजी म्हणाली. “हळूच सोड. खाली, बाबांच्या दिशेनं.”

मासोळीने बाटलीतले गोल कडे साबणात बुडवले आणि फुंकर घातली. फुग्यांचा एक घोसच्या घोस बाहेर पडला. इंद्रधनुष्ये अंगावर मिरवीत, लुटुलुटू डुलत ते काठ ओलांडून रिकाम्या तलावात उतरू लागले.

“अहो, काय पोरखेळ मांडलाय!” बेकरीवाला टाय सावरीत ओरडला. “ध्यानभंग होईल!”

पण पुढचे शब्द त्याच्या तोंडातच राहिले. फुगे उतरत उतरत आले आणि थांबले. तळापर्यंत गेलेच नाहीत. हवेतल्या हवेत, काहीही आधार नसताना, ते सारे एका पातळीवर येऊन टेकले, किंचित खाली दबले, उसळून वर आले आणि डुलत राहिले. मासोळीने आणखी सोडले. तेही आले आणि पहिल्यांच्या शेजारी तरंगू लागले. बघता बघता मास्तरांच्या भोवती फुग्यांची एक चकचकीत सपाट चादरच पसरली. मास्तरांनी हात हलवला, तर ती चादर लाटेसारखी हिंदकळली आणि भिंतीला जाऊन परत फिरली.

“चमत्कार!” कोणीतरी किंचाळले. “सम्राटांनी फुगे तोलून धरले!”

सम्राटांनी एक डोळा उघडून खाली पाहिले आणि तो लगेच मिटला. श्रेय आयते येत असेल तर घ्यावे, असा त्यांचा विचार दिसला.

मास्तर मात्र त्या फुग्यांकडे पाहतच राहिले. जगातील दुसरे काही त्यांना कळो वा न कळो, पाण्याची पातळी त्यांना कळत होती. तीस वर्षे त्यांनी हेच पाहिले होते: पृष्ठभाग कोठे आहे, तो हलतो कसा, भिंतीला आपटून परततो कसा. हा पृष्ठभाग होता. तलाव रिकामा नव्हता. तो भरलेला होता, कशाने तरी, जे दिसत नव्हते; आणि शिडीवरच्या ज्योती जेथपर्यंत विझल्या होत्या, नेमके तेथपर्यंत ते भरले होते. त्यांनी खाली पाहिले. फुगे त्यांच्या छातीला लागून डुलत होते.

छातीइतके. त्यांच्या छातीइतके.

पोरांना पाण्यात सोडताना ते नेहमी याच मापाने पाहत: माझ्या छातीइतके म्हणजे पोराच्या डोक्यावरून. आणि येथे तर मासोळीला मांडीवर घेऊन खाली बसायचे होते. ती पूर्ण बुडाली असती. तिच्या बापाच्या मांडीवर, शेकडो लोकांच्या देखत, कोरड्या तलावात बुडाली असती, आणि ती धापा टाकू लागल्यावर बापाने तिला समजावले असते, भिऊ नकोस, ही सुरुवात आहे.

मास्तरांचे हात शिट्टीवर कधी गेले ते त्यांना कळले नाही.

ती शिट्टी अशी वाजली की छतावरची धूळ पडावी. आणि गंमत पाहा: जे लोक सम्राटांच्या आज्ञेने फुसफुसत होते, ते सारेच्या सारे याच मास्तरांच्या शिट्टीवर लहानाचे मोठे झाले होते. शिट्टी वाजली की जे करीत असाल ते थांबवायचे, हे त्यांच्या हाडांत मुरलेले. हजार तोंडे एका क्षणात मिटली.

“बाहेर!” मास्तर ओरडले. “सगळे बाहेर! मासोळी, मागं हो!” आणि ते धडपडत शिडी चढू लागले. उतारावरचे साधक चटया टाकून काठाकडे पळाले. इमारतीत अगदी सामसूम झाली.

सामसूम, पण पूर्ण नव्हे.

स्स्स्स्स्स.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. बेकरीवाल्याने शेजाऱ्याकडे संशयाने पाहिले, शेजाऱ्याने स्वतःचे ओठ बोटांनी चाचपून पाहिले. कोणीही फुसफुसत नव्हते. आणि तरीही ते ‘स्स्स’ चालूच होते, निवांत, एकसुरी, तलावाच्या खोल टोकाच्या भिंतीत पाणी आत सोडण्याची जी तोंडे असतात त्यांतून.

“आता कोण करतंय हो सर्पश्वास?” सासूबाईंनी खणखणीत आवाजात विचारले. “साप की काय?”

कोणीतरी हसले, आणि हसू काठाकाठाने पसरत गेले.

मास्तर शिडीच्या वरच्या पायरीवर धापा टाकत क्षणभर थांबले, आणि तसेच वर येऊन यंत्रघराकडे धावले. त्यांच्यामागे बेकरीवाला, त्याच्यामागे अर्धी सभा. आतमध्ये पट्टशिष्य गुरूंच्या तेजापासून दूर उभा होता, हातात पाना घेऊन. सिलिंडरची तोंडे उघडी होती आणि त्यांवर पांढरे हिम साचले होते. इतका गार वायू भसाभस सोडायचा तर उघडे हात चिकटतात, म्हणून ते लोकरी हातमोजे.

“मी... मी झडप बंदच करत होतो,” पट्टशिष्य म्हणाला.

“मग कर ना!” बेकरीवाला ओरडला, आणि ‘स्स्स’ थांबले.

सगळे परत आले तेव्हा सम्राट फळीवरच होते. त्यांना उतरायचे होते, पण उतरण्यासाठी उठायला लागावे आणि उठू लागताच फळीने नाचायला लागावे, असे चालले होते.

“साधकहो,” ते फळीला दोन्ही हातांनी धरून म्हणाले, “गैरसमज नको. वायू आमच्याच आज्ञेनं बाहेर पडला!”

“आणि पाना?” मागून कोणी विचारले. “पानाही आज्ञेनंच फिरला?”

“महाराज,” सासूबाई फळीखाली येऊन अदबीने म्हणाल्या, “मला शास्त्र-बिस्त्र नको. माझी एक साधी विनंती आहे. श्वास ही सवय आहे ना? तुमची तर सुटलेली आहे. मग खाली उतरा, आणि जिथं तुम्ही माझ्या नातीला बसवणार होता, तिथं बसून दाखवा. आम्ही इथं वर चहा घेतो तोवर.”

सम्राटांनी खाली पाहिले. फुगे अजून तेथे तरंगत होते.

“आमचं... आमचं स्थान वर आहे,” ते म्हणाले.

त्यावर जो हशा पिकला त्याने जे काही उरले होते ते संपवले. पहारेकऱ्याने दारे-खिडक्या सताड उघडल्या. दोघा पोहणाऱ्यांनी सम्राटांना फळीवरून खाली काढले, कारण एकट्याने उतरण्याइतका हलकेपणा त्यांना अद्याप साधला नव्हता. आणि पोलीस येईपर्यंत गुरू-शिष्य दोघांना तिकीट-खोलीत बसवण्यात आले. बेकरीवाल्याने ठरावाचा कागद घडी घालून खिशात टाकला आणि टाय सोडला.

लोक मात्र घरी जाईनात. ते सासूबाईंच्या भोवती जमले, आणि त्यांनीही वर्गात सांगावे तसे सांगितले: हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्याला रंग नाही, खोलगट जागी तो पाण्यासारखा साचतो. ज्योत त्यात जळत नाही. फुग्यात साधी हवा असते, म्हणून तो त्यावर तरंगतो. माणूस त्यात बसला तर श्वास वाढतो, डोके दुखते, कानांत आवाज येतात, आणि फार वेळ बसला तर तो उठत नाही. ‘स्स्स’ कशासाठी करायचे, हे तर सगळ्यांनी कानांनीच ऐकले होते.

“म्हणजे बाई, ध्यान सगळं थोतांड?” बेकरीवाल्याने हिरमुसून विचारले.

“मी असं कुठं म्हटलं? पैसे खोटे छापले म्हणून काय बाजार बंद करतात? ध्यानाला बसा की. आपलं मन कसं चिडतं, कसं हपापतं, कसं घाबरतं, ते शांतपणे बघायला बसा. बुद्धांनी त्यासाठीच सांगितलं. दिवसाकाठी एक चिडचीड कमी झाली, घरच्यांशी एक शब्द नीट बोललात, तर ध्यान लागू पडलं म्हणायचं. ते कोणाला दिसणार नाही, त्याला तिकीट लावता येणार नाही. पण जो कोणी तुम्हाला सांगेल की डोळे मिटा आणि प्रश्न विचारू नका, त्याच्यापुढं डोळे उघडे ठेवा. बुद्धांनीसुद्धा ‘मी सांगतो म्हणून मानू नका, तपासून बघा’ असंच सांगितलं. तपासायला काही मोठं लागत नाही. आज साबण पुरला.”

लोक पांगले तेव्हा मास्तर काठावर बसले होते. मासोळी त्यांना टेकून उरलेले फुगे सोडत होती. सासूबाईंनी पर्समधून इनहेलर काढून मुकाट्याने जावयाच्या हातात दिला. मास्तरांनी तो घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि मग खालच्या मानेने लेकीच्या खिशात ठेवला.

मग ते म्हणाले, “आई, सगळं पटलं. फक्त एक सांगा. मला जे वाटायचं... छातीत ती आग, डोकं हलकं होणं, सगळं जग लांब गेल्यासारखं... तेही खोटंच होतं का?”

“खोटं कशाला? खरंच होतं ते,” सासूबाई म्हणाल्या. “पण समाधी नव्हती, जावईबापू. घुसमट होती.”